मोबाईलला नैवेद्य

माणसाचं तोंड पाहण्याआधी त्याचं वजन पाहणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझ्या लेकीची सासू आहे. अशा बाईच्या नाकासमोर मी, छत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या कॉप्या पकडलेली मास्तरीण, अकरा दिवस मोबाईलला नैवेद्य दाखवत होते. हा मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढे विहीणबाईंच्या गमती सांगायला लागले की तुम्हाला वाटायचं, ही आजी फार शहाणी आणि तिची विहीण तेवढी वेडी. तसं नव्हतं. आमच्या दोघींत वेडी कोण, हे ठरवायला मध्ये एक गाय यावी लागली. ती येईलच. तोवर विहीणबाईंना भेटा.

विहीणबाईंनी पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात तीस वर्षं अंगणवाडी चालवली. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जायचं, आणि मागे आज्यांपाशी राहिलेली पोरं विहीणबाईंच्या खिचडीवर वाढायची. दर महिन्याला एकेक पोर कापडी झोळीत घालायचं, झोळी टांगत्या काट्याला अडकवायची, आणि पोर बोंबलत असताना काट्याचा आकडा वाचून तक्त्यावर ठिपका द्यायचा. तीस वर्षं हेच केल्यावर काटा बाईंच्या डोळ्यांतच जाऊन बसला. निवृत्त होताना सरकारी काटा परत करावा लागला, तर दोन दिवस त्यांना म्हणे हात तुटल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी एसटीने नगरला आल्या आणि बाजारातून स्वतःच्या पैशांनी नवा काटा घेऊन गेल्या. तो काटा आजही त्यांच्या पिशवीत असतो, चष्म्याच्या घराशेजारी. त्यावर त्यांनी कलिंगडं तोलली, बोकडाची पिल्लं तोलली, जावयाच्या सामानाची बॅग तोलली. एकदा नातवाचं दप्तर तोललं आणि तडक शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला विचारलं, “पोरगं सतरा किलोचं, दप्तर पाच किलोचं. ह्यात कोन कुनाला शाळेत आनतंय?”

लग्नकार्यात त्यांना पाहिलं की बायका खांबाआड होतात. कारण त्या भर मांडवात, पदर सावरत, अगदी मायेने सांगतात, “ताई, दोन किलो चढल्या वो.” आणि चुकत नाहीत, हेच वाईट. आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेले लोक आत्म्याच्या शांतीबद्दल बोलत होते, नशिबाबद्दल बोलत होते. विहीणबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “चार किलो उतरल्या. काय खाता?” मला असा संताप आला! माणूस गेलंय आणि ही बाई किलोत बोलतेय. आठवड्याने दवाखान्यात काट्यावर उभी राहिले, तर चार किलो दोनशे ग्रॅम उतरलेले. वरचे दोनशे ग्रॅम त्यांनी बहुधा दुःखाचा आदर म्हणून सोडून दिले होते. त्या दिवशी त्या जाताना ओट्यावर एक डबा ठेवून गेल्या. त्यात हुलग्याचं माडगं होतं. हुलगे भाजून, दळून, त्या पिठाची पातळ पेज करतात, ते माडगं. विहीणबाईंच्या मते जगात असं एकही दुखणं नाही की ज्याच्यावर आधी माडगं आणि मग डॉक्टर असा क्रम लागत नाही.

आमच्या ओळखीची सुरुवात मात्र अशी गोड झाली नव्हती, आणि त्यात दोष सगळा माझा. सतरा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात मी विहिणीची पंगत अशी मांडली की कोपरगावात पुन्हा कुणी मांडू नये. शेजारणीकडून मागून आणलेलं चांदीचं ताट, भोवती रांगोळी, समया, उदबत्त्या. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. नुकतीच मुख्याध्यापिका झालेली, त्यामुळे घरातसुद्धा घंटा वाजल्यासारखी चालायची. ‘अंगणवाडीच्या बाईंना चांदीच्या ताटाचं काय कळणार’ असा एक बारीक किडा मनात वळवळत होता. तो आज सांगते, तेव्हा कुणी विचारलं असतं तर तोंडावर पदर घेऊन नाही म्हटलं असतं. विहीणबाईंना पाटावर बसवलं, अत्तर लावलं आणि मी स्वतः जिलबी वाढायला वाकले. त्यांनी ताटाकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. तिथे माझी लेक शालू नेसून फोटो काढून घेत उभी होती.

“नवरीनं सकाळपासनं काय खाल्लंय?” त्यांनी विचारलं.

“अहो, आज तिला कुठली भूक!” मी लाडात म्हटलं.

“भूक न्हाई कशी? उभ्या उभ्या डुलतीया ती.”

एवढं बोलून बाई चांदीच्या ताटावरून उठल्या, लेकीला हाताला धरून आणलं, आपल्या पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी फरशीवर मांडी घालून तिला भरवायला लागल्या. विहीण पंगतीवरून उठली, ही बातमी मांडवात वाऱ्यासारखी गेली. माझे दीर नारळ घेऊन रुसवा काढायला धावले. रुसवा कोणाचाच नव्हता, पण दीर नारळ घेऊन उभे राहिले ते राहिलेच. मी मात्र तो अपमान आठ वर्षं, थेट त्या माडग्याच्या डब्यापर्यंत, लोणच्यासारखा मुरवला. लेकीने त्या ताटातल्या चार जिलब्या आणि दोन वाट्या मठ्ठा संपवला होता, एवढा एक तपशील तेवढा माझ्या आठवणीतून सोयीने गळून गेला.

विहीणबाईंचं दुसरं हत्यार म्हणजे मोबाईल. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रजिस्टरं गेली आणि हजेरी, वजन, उंची, खिचडीचा फोटो, सगळं मोबाईलवर भरायचं आलं. तालुक्याच्या बैठकीत कितीतरी सेविका रडल्या. विहीणबाईंनी रडण्यात वेळ घालवला नाही, त्या रेंज शोधायला निघाल्या. त्यांच्या गावात रेंज एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर. आठव्या पायरीवर नाही, दहाव्या पायरीवर नाही. त्या रोज दुपारी नवव्या पायरीवर बसून गावच्या पोरांची वजनं सरकारला कळवायच्या. त्याची सवय अशी लागली की आज वाय-फायच्या घरातसुद्धा मोबाईलवर काही भरायचं म्हटलं, की त्या उठून उंच जागा शोधतात. माझ्या लेकीच्या घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून भरतात. आणि मी? मोबाईल म्हणजे सकाळी उठून लोकांना गुलाबाची चित्रं पाठवायचं यंत्र, याच्या पुढे माझी मजल नव्हती. पण सांगायची असं, की मला त्यातलं सगळं येतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गालात आतून गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात लेक आणि विहीणबाई दोघी बरोबर होत्या. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, तंबाखू वगैरे?”

“छे हो, मी शिक्षिका होते,” मी म्हटलं, जणू शिक्षिकांना तंबाखू लागूच पडत नाही.

पाठीमागून आवाज आला, “मिसरी लावत्यात, डाक्टर. दिसातनं तीनदा.”

बाहेर आल्यावर मी फणकारले, “तुम्हाला हो कुणी सांगितलं?”

“सून बघाय आल्ते तवाच कळलं. तुमी हसल्या की दात दिसले. म्हटलं, पोरगी झ्याक हाय, आईचं बघू मागनं.”

ते मागनं असं आलं. खरं सांगायचं तर शाळेत दर वर्षी ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ या विषयावर मीच निबंध घालायची. पहिल्या तीन निबंधांना बक्षीस द्यायची, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या मागे जाऊन मिश्रीची डबी उघडायची. त्या बाईला आज कुणी धरून माझ्यापुढे आणलं, तर मी तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करीन.

ऑपरेशन झालं. मग तीस दिवस विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा ठरला, शनिवार-रविवार सोडून रोज. कोपरगावहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून सहा आठवडे नगरला लेकीच्या घरी मुक्काम. लेक बँकेत, जावई सुप्याच्या कारखान्यात. दोघंही सकाळी बाहेर पडणार. म्हणून विहीणबाई गावाहून आल्या. एका हातात काटा, दुसऱ्या हातात हुलग्याच्या पिठाचं गाठोडं. माझा जीव मात्र आधीच अर्धा झालेला. माझी आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. हे सगळं जुनाट आहे, असं मी स्नेहसंमेलनाच्या भाषणात ठणकावून सांगत असे. भाषण करणं सोपं असतं. लेकीच्या सासूने केलेलं अन्न लेकीच्या घरी बसून, तेही आजारी पडून, सहा आठवडे खायचं म्हटल्यावर माझी आई माझ्या घशात येऊन बसली.

दवाखान्यात एक आहारतज्ज्ञ मुलगी होती. चुणचुणीत, गोड बोलणारी. तिने माझ्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं. त्यात सहा वाट्या होत्या, दिवसाच्या सहा खाण्यांच्या. खायला बसलं की ताटाचा फोटो काढायचा, खाऊन झालं की वाटीवर बोट ठेवायचं, की वाटी हिरवी व्हायची. तोंड किती दुखतंय, ते हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच तोंडांतलं एक निवडून सांगायचं. दर दोन तासांनी ते ॲप टुणटुण करून आठवण द्यायचं, आणि दर गुरुवारी ती मुलगी स्वतः मोबाईलवर दिसायची. विहीणबाईंना हे सगळं पाहून माहेरी आल्यासारखं झालं. ॲपचं नाव त्यांनी ठेवलं ‘सुपरवायझर बाई’. टुणटुण वाजलं की ओरडायच्या, “उठा बाई, सुपरवायझर बाई आल्या!” मी शिक्षिका म्हणून त्या मला पहिल्यापासून ‘बाई’ म्हणतात. माझ्याहून वर्षाने मोठ्या आहेत, तरी.

पहिले दोन आठवडे बरे गेले. आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्या हिरव्या वाट्यांची मला चटक लागली. आयुष्यभर बरोबरच्या खुणा मी दुसऱ्यांना दिल्या. म्हातारपणी कुणीतरी मला देत होतं. सहाच्या सहा हिरव्या झाल्या की पडद्यावर ‘शाब्बास!’ असं यायचं, आणि मी ते लेक घरी आल्यावर तिला दाखवायची, प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. गालात, जिभेवर, टाळूला फोड. थुंकी आटून गेली. पाण्याला गंजलेल्या पत्र्याची चव, दुधाला साबणाची, आणि विहीणबाईंच्या त्या थोर माडग्याला ओल्या सिमेंटची. एक चमचा गिळायचा म्हणजे काचेचा चुरा गिळायचा. ‘जात नाही’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण विहिणीने स्टुलावर चढून, ॲप वाचून, पीठ तोलून केलेलं अन्न ताटात टाकायचं कसं? आणि वाटी हिरवी झाली नाही तर? मग मी विहीणबाईंना सांगितलं, “समोर कुणी बसलं की मला गिळवत नाही. मला एकटीला बसू द्या.” त्या बिचाऱ्या दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात जायच्या. मी मोबाईल समोर उभा करायची, ताट नीट मांडायची, फोटो काढायची, दोन चमचे कसेबसे गिळायची आणि वाटीवर बोट ठेवायची. हिरवी. शाब्बास. खिडकीबाहेर भाजीच्या सालींसाठी ठेवलेलं घमेलं होतं. उरलेलं सगळं त्यात. तिथे गल्लीतली एक तांबडी गाय यायची. अन्न फेकणं हे पाप. पण देवाला दाखवायचं आणि गाईला द्यायचं, यात पाप कुठलं? नैवेद्य आणि गोग्रास! मनाची समजूत घालायला अख्खं धर्मशास्त्र माझ्या मदतीला आलं.

असं अकरा दिवस चाललं. सोमवारी शेकाला गेले. शेक देताना डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा घालतात, तो ज्याच्या त्याच्या तोंडाच्या मापाने केलेला असतो. तो बसवताना तिथला मुलगा थबकला. “आजी, मुखवटा ढिला झालाय.” काट्यावर उभी केली. एक्कावन्न किलोची मी सत्तेचाळीसवर आले होते. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “नवीन मुखवटा करू. पण पुढच्या सोमवारपर्यंत वजन आणखी उतरलं, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल आणि शेक मध्येच थांबवावा लागेल. मध्ये थांबलेला शेक मला आवडत नाही, आजी. रोगाला आवडतो.” आहारतज्ज्ञ मुलगी तिच्या पडद्याकडे पाहत गोंधळून गेली होती. “ॲपमध्ये तर सगळं हिरवं दिसतंय. आजी, सगळं खाता ना?”

“अंगालाच लागत नाही गं,” मी म्हटलं. छत्तीस वर्षांत पोरांनी मला सांगितलेल्या सगळ्या थापा एका वाक्यात भरून काढल्या.

रिक्षात विहीणबाई माझं मनगट दोन बोटांत धरून मापत बसल्या. घरी आलो, तर फाटकात ती तांबडी गाय उभी. तिची वेळ झाली होती. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. थांबल्या. तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. बरगड्यांवर हात फिरवला. पाठीवर थाप मारली. हुलगे म्हणजे मुळात बैलांचा खुराक, त्याने गाय अशी तुकतुकीत झाली होती की पोळ्याला मिरवावी.

“ही गाय पंधरा दिसांत धा किलोनं भरलीया,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. “गाय भरली अन् तुमी वाळल्या. बाई, तुमी कॉपी केली.”

पायरीवर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण त्या हळूच बोलायला लागल्या. “माझ्या वळखीची एक बाई हुती. एकाच पातेल्याचा फोटू महिनाभर टाकायची. मोबाईलात पोरं जेवली. काट्यावर न्हाई जेवली. काट्याला फोटू दिसत न्हाई, बाई.” पदराने घाम पुसला. “अन् मी यडी. तुमी वाळताना दिसत हुत्या, तरी डोळ्यापरीस मोबाईलवर इस्वासले. रोज स्टुलावर चढून बघायची, तुमची वाटी हिरवी झाली का. झाली, की मग मी भाकर घ्यायची. घरात आजारी मानूस उपाशी असताना आजवर मी कवा जेवले न्हाई. अकरा दिस तुमी मला तुमच्याआदी जेवायला लावलं.”

एवढं झालं आणि मला रडू फुटलं. तोंड आलेल्या माणसाने रडू नये. आसवं खारट असतात आणि ती फोडांवरूनच खाली उतरतात.

रडून होईपर्यंत विहीणबाई थांबल्या. मग त्यांनी आहारतज्ज्ञ मुलीला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. “सांगा. तुमच्या तोंडानं.” मी सांगितलं. नैवेद्य, घमेलं, गाय, सगळं. मला वाटलं, आता पालकांना बोलावणार. ती म्हणाली, “आजी, बरं झालं सांगितलंत. वाटीच्या खाली एक राखाडी बटण आहे ना, ‘खाता आलं नाही’ असं? ते दाबलं असतंत तर त्याच दिवशी मी फोन केला असता. आम्हाला हिरव्यापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं.” ते बटण मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. पण मी त्याला नापासाचं बटण समजत होते. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून तिने तोंड बधिर करणारी गुळणी सुरू करायला लावली. जेवणाआधी गुळणी करायची, आणि तेवढ्या वेळात गार, मऊ, थोडं थोडं खाऊन घ्यायचं. “सात दिवस आहेत, आजी. जमवू.”

विहीणबाईंनी पदर खोचला. पहिला हुकूम असा, की यापुढे भरल्या ताटाचा फोटो बंद. “रिकाम्या वाटीचा काढा. देवाला भरलेली दाखवा, सुपरवायझर बाईला रिकामी.” दुसरा हुकूम, त्या समोर बसणार. “पोराला भरवायचं नसतं, बाई, त्याच्याम्होरं खायचं असतं.” आणि त्या खरोखर माझ्यासमोर तशाच वाटीत तेच घेऊन बसायला लागल्या. मीठ बेताचं, मिरचीचा लवलेश नाही. ही बाई म्हणजे ठेच्याशिवाय चहासुद्धा पिणार नाही अशी. पण त्यांनी ठेच्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि स्टूल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हणाल्या, “माझा माझ्यावर इस्वास न्हाई.”

मग निघालं माडग्याचं प्रकरण. ॲपच्या यादीत माडगं नव्हतं. सूप होतं, ओट्स होते, काही काही नावं तर मलाही वाचता येईनात. विहीणबाईंनी गुरुवारी त्या मुलीला मोबाईलवर धरलंच. “ओट हाय अन् माडगं न्हाई? ओट कुठं पिकतं वो पाथर्डीत?”

मुलगी हसायला लागली. “आजी, किती पीठ, किती दूध ते मला मापाने सांगा. मी हिशोब करून यादीत घालते.”

मापाने म्हटल्यावर विहीणबाईंच्या अंगात आलं. त्यांनी झोळी काढली, झोळीत पिठाची पिशवी ठेवली, दाराच्या कडीला काटा टांगला आणि मोबाईलसमोर पीठ तोलून दाखवलं. पोराने बोंबलावं तशी कडी तेवढी कुरकुरली. मुलीने मान डोलावली आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गार दूध मिसळा म्हणजे जळजळ कमी होईल, आणि शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट नि चमचाभर तूप घाला म्हणजे तेवढ्याच घोटात जास्त बळ मिळेल. माडग्यात शेंगदाणे! विहीणबाईंच्या चेहऱ्यावर त्यांच्या तीन पिढ्यांच्या सासवा येऊन गेल्या. पण त्यांनी घातले. चाखून म्हणाल्या, “पोरगी हुशार हाय. वजन पंचावन असंल.”

त्या आठवड्यात मी जेवले असं म्हणणार नाही. मी लढले. गुळणी, दोन घोट, थांबणं. परत दोन घोट. एका वाटीला पाऊण तास. समोर विहीणबाई घोटाला घोट लावून. माझा हात थांबला की त्यांचाही थांबायचा, आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहायच्या. त्यांनी एकदाही ‘खा’ म्हटलं नाही. दोन वेळा मी ते राखाडी बटण दाबलं. दोन्ही वेळा दहा मिनिटांत त्या मुलीचा फोन आला, आणि विहीणबाई म्हणाल्या, “बघा. खऱ्याला फोन येतो.” खिडकीबाहेर गाय येऊन उभी राहायची, रिकामं घमेलं हुंगायची आणि माझ्याकडे असं पाहायची, की तिच्या तोंडचा घास मीच काढला. ते खरंच होतं.

सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले. विहीणबाईंनी माझी पर्स काढून घेतली, शाल काढून घेतली, मग आकडा वाचायला त्या परिचारिकेच्याही पुढे वाकल्या. सत्तेचाळीस किलो शंभर ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, “थांबायचं कारण नाही. पुढे चालू.” विहीणबाईंनी परिचारिकेला विचारलं, “काटा बरुबर हाय न्हवं?” आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या, ते मी मोजलं नाही. तिसाव्या शेकाला मी साडेसत्तेचाळीसवर होते, आणि ॲपच्या यादीत, सूप आणि ओट्सच्या मधोमध, ‘हुलग्याचं माडगं’ येऊन बसलं होतं. कुठल्या कुठल्या गावची आजारी माणसं आज त्यावर बोट ठेवत असतील कुणास ठाऊक.

आता मी कोपरगावात आहे. मिश्रीची डबी गोदावरीत सोडली. दात आहेत तेवढे स्वच्छ आहेत. दर तपासणीला डॉक्टर ‘छान’ म्हणतात, तोंड मात्र अजून कोरडं पडतं आणि तिखट चालत नाही. ॲपचं काम संपलं, पण रोज दुपारी एक वाजता मी विहीणबाईंना रिकाम्या वाटीचा फोटो पाठवते. पाच मिनिटांत त्यांचा अंगठा येतो, बाकी काही नाही. व्याही गेल्यापासून गावाकडच्या घरात त्या एकट्याच असतात. परवा लेक सहज बोलून गेली, “आई, तू तो फोटो पाठवतेस ना, तो पाहायला सासूबाई अजून टाकीच्या जिन्यावर जातात. घरात रेंज आलेलीच नाही. गुडघे असे सुजलेत, तरी ऐकत नाहीत.”

तीन वर्षं. रोज नऊ पायऱ्या. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला आणि अंगठा आल्या आल्या फोन लावला. पलीकडे वारा वाजत होता. मी म्हटलं, “विहीणबाई, आता मी ठणठणीत आहे. खोटं बोलणार नाही, गाईची शपथ. गुडघे दुखत असताना एक वाटी बघायला रोज कशाला चढता हो?”

वाऱ्यात एक झाकण उघडल्याचा आवाज झाला.

“वाटी बघाय न्हाई चढत वो मी. माझा डबा घिऊन चढते. तुमची वाटी आली की हितंच बसून खाते. घरात एकलीच्यानं घास उतरत न्हाई, बाई. हितं कसं, पंगतीला बसल्यावानी वाटतं.”